चोविसावी मूठ

श्रावणात देवरुखाबाहेर पाऊल टाकायचं नाही, हा माझा चाळीस वर्षांचा शिरस्ता. यंदा तो मोडला आणि मोडला ते फार बरं झालं, हे आधीच सांगून टाकते. म्हणजे पुढे मी कुठे चिखलात रुतलेली, कुठे चिडलेली, तर कुठे हॉटेलात ढसाढसा रडलेली दिसले तरी कोणी काळजी करू नये. हॉटेलातलं रडणं तिखटाचं होतं.

शिरस्ता मोडला तो सुनंदामुळे. डी.एड.ला आम्ही दोघी एका खोलीत राहायचो. ती लग्न होऊन जळगावला गेली, तिथल्या शाळेतून निवृत्त झाली, आणि घरी स्वस्थ बसवेना म्हणून चार मैत्रिणींना हाताशी धरून जळगाव-धुळ्यातल्या शाळकरी मुलांसाठी तिने लेखनस्पर्धा काढली. विषय एकच, आपल्या भागाचा इतिहास. पण तो पुस्तकातून उतरवलेला चालणार नाही. घरात, शेतात, गावात जे हाताला लागतं त्यावरून शोधून लिहायचा. निवडलेले पाच निबंध मुलांनी धुळ्याच्या सभागृहात स्वतः वाचायचे, आणि त्याआधी परीक्षकाने त्या त्या गावी जाऊन लिहिलेलं खरं आहे का ते बघायचं. याला सुनंदा पडताळणी म्हणते.

परीक्षक मी. नियमही फोनवर माझ्याकडूनच लिहून घेतले होते. मी पडले इतिहासाची बाई, अडतीस वर्षं लाल पेन चालवलेलं. ठणकावून सांगितलं, "लिही, पडताळणीत मूळ गोष्ट चुकीची ठरली तर निबंध बाद."

सुनंदा म्हणाली, "जरा सौम्य कर गं, मुलं आहेत."

"मुलं आहेत म्हणूनच!" मी म्हटलं. किती रुबाबात म्हटलं होतं, काय सांगू.

पाच निबंध पोस्टाने देवरुखला आले. चार चांगले होते. पाचवा वाचून मी चहा गॅसवर तसाच ठेवून अंगणात फेऱ्या मारायला लागले. धरणगावजवळच्या एका खेड्यातल्या चेतना नावाच्या नववीतल्या मुलीचा तो निबंध. (गावाचं नाव लिहीत नाही, कारण गोष्ट घरच्या कुलाचाराची आहे.) खानदेशात श्रावणात घरोघरी कानबाई ही देवी बसते. त्या दिवशी भाऊबंदांच्या घरी रोट, म्हणजे गव्हाचा नैवेद्य, असतो, आणि त्या रोटाचे गहू मोजायची रीत अशी की भाऊबंदांतल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ काढायची. काल जन्मलेल्या मुलग्याचीसुद्धा. चेतनाने मोजलं होतं. भाऊबंदांत पुरुष तेवीस आणि मुठी मात्र चोवीस! शेवटची मूठ तिचे आजोबा नाव न घेता टाकतात. मग ही मूठ कोणाची?

पोरीने शोध घेतला. त्यांच्याकडे वंशावळ लिहिणारा भाट येतो. त्याच्या वहीची नक्कल तिच्या वडिलांकडे होती. ती तिने ओळ न् ओळ वाचली. जुन्या सगळ्या पुरुषांच्या नावांपुढे ते वारल्याची खूण, फक्त एकापुढे नाही. दौलत. तिने ताडलं, हा दौलत इंग्रजांशी लढायला सातपुड्यात गेला, परत आलाच नाही, आणि घर अजून त्याची मूठ काढतंय. काय तो शोध आणि काय ती भाषा! मी शंभरपैकी ब्याण्णव दिले. मी कोणाला ब्याण्णव देत नाही.

जळगाव, गुरुवार

स्टेशनावर सुनंदा दिसताच मी पहिला प्रश्न विचारला, "भरीत कुठे मिळेल?"

"श्रावणात? अगं, भरिताची वांगी हिवाळ्यात. तेव्हा ये, शेतातच काड्यांवर भाजून घालते. आज शेवभाजी खा."

शेवभाजी म्हणजे फरसाणाची भाजी, त्यात काय एवढं, असं मला वाटलं होतं. वाटीभर लालभडक रस्सा आला, वर तेलाचा तवंग, त्यात जाड शेव. पहिल्या घासाला मी "छान!" म्हटलं. दुसऱ्या घासाला डोळ्यांतून पाणी आलं आणि तिसऱ्याला नाकातून. वेटर शांतपणे पाण्याचा जगच ठेवून गेला. आमच्याकडे तिखट झालं की नारळ घालतात. मी नारळ मागितला तर सुनंदा टेबलावर डोकं ठेवून हसायला लागली. पण खरं सांगते, वाटी मी पुसून खाल्ली आणि दुसरी मागवली.

तिथेच चेतनाचा विषय निघाला.

"ब्याण्णव दिलेस खरे, पण दौलत सातपुड्यात गेला हे तिला कोणी सांगितलं?" सुनंदाने विचारलं.

"अंदाज आहे तिचा. पण बिनतोड आहे."

"ती पोरगी रोज शाळेत बाईंसमोर निबंध म्हणून दाखवते. तोंडपाठ झालाय. त्यांच्या शाळेतून धुळ्याला वाचायला जाणारी पहिली मुलगी. म्हणून म्हणते, उद्या नीट बघ."

"मी नेहमी नीटच बघते," असं म्हणून मी पाणी प्यायले.

एरंडोल, शुक्रवार सकाळ

तीन पडताळण्या जळगावजवळच्या, त्या काल संध्याकाळीच उरकल्या; आज वाटेत एरंडोलची होती. तिथल्या विद्यार्थ्याने गावात पूर्वी हाताने कागद बनायचा त्यावर लिहिलं होतं. शेजारच्या नानांनी ट्रंकेतून जुना कागद काढून माझ्या हातावर ठेवला. जाड, पिवळट, कडा खडबडीत, आणि तरी अजून कसा ताठ! मी वास घेतला, उजेडात धरला, पुन्हा वास घेतला. नाना म्हणाले, "बाई, खाऊ नका, एकच शे." ही पडताळणी दहा मिनिटांत झाली.

जवळच पद्मालय. कमळांचं तळं आणि एका गाभाऱ्यात दोन गणपती, एक उजव्या सोंडेचा आणि एक डाव्या. मी दोघांनाही सारखाच नमस्कार केला, उगाच रुसवेफुगवे नकोत. मनात मात्र एकच मागणं होतं, ती मूठ दौलतचीच निघू दे.

धरणगावजवळ, शुक्रवार दुपार

इथली जमीन बघूनच मला आनंदाचं भरतं आलं. आमच्याकडे डोंगर उतरला की लगेच दुसरा चढायचा. इथे नजर सोडली की सुटलीच! दोन्ही बाजूंना कमरेएवढा कापूस, काळीभोर माती, वर धुतलेलं आभाळ. "सुनंदा, गाडी थांबव!" म्हणून मी उतरले आणि फोटोसाठी शेतात चार पावलं टाकली. पाचव्या पावलाला माझी उजवी चप्पल जमिनीने ठेवून घेतली. ओढायला गेले तर डावीही गेली. आमची तांबडी माती पायाला लागते आणि धुतली की जाते. ही काळी माती पाहुण्याला सोडतच नाही. शेवटी एका अक्कांनी खुरप्याने दोन्ही चपला खणून दिल्या. कुठे निघालोय ते विचारलं आणि वर म्हणाल्या, "व माय, आते अनवानीच जा, तठे तरी कोठे चप्पल घालसात?" म्हणजे, जायचंय देवाच्या घरी, तिथे चप्पल कशाला. अशा रीतीने महाराष्ट्रातली एक कडक परीक्षक गुडघ्यापर्यंत चिखलाने माखून पडताळणीला पोचली.

चेतना फाटकातच उभी होती. दोन वेण्या, शाळेचा गणवेश, छातीशी निबंधाची प्रत. "बाई, तुम्ही अगदी वेळेवर आल्या! आजच रोटाचे गहू मोजणार आहेत. रविवारी कानबाई. तुम्हाला प्रत्यक्षच बघायला मिळेल!" एका दमात एवढं बोलून तिला माझे पाय दिसले आणि ती बादली आणायला पळाली.

पाय धुतल्यावरही आत प्रवेश नव्हता. चेतनाची आई ओशाळून म्हणाली, "राग मानू नका बाई. रोटाचं धान्य निघताना भाऊबंदांशिवाय कोणी आत नसतं. तुम्ही ओट्यावर बसा, दारातून सगळं दिसतं." राग कसला! आमच्याकडेही देवाच्या खोलीत कोण जाऊ शकतं आणि कोण नाही यावर सबंध दुपारी जातात. ओट्यावर बसल्या बसल्या समोर कळण्याची भाकरी आली, ज्वारी-उडदाची, शेंगदाण्याचं तेल घातलेला ठेचा, कांदा. भात नव्हता, पण कशाचीच वाण वाटली नाही. मी भात विसरले, म्हणजे बघा.

मग आबा आले. चेतनाचे आजोबा, अठ्ठ्याहत्तरीचे, पांढरी टोपी, शिसवी काठीसारखे सरळ. मला हात जोडले आणि आत पाटावर बसले. पुढे परात, बाजूला गव्हाचं पोतं. भिंतीला टेकून भाऊबंदांतली माणसं. चेतना उंबरठ्याच्या आत, मी बाहेर, आमच्या दोघींत एका हाताचं अंतर.

आबा एकेक नाव घेत आणि मूठ टाकत. मूठभर, मग वर चिमटीने पाव मूठ. गहू परातीत पडताना सरसर आवाज यायचा. चेतना बोटांवर मोजत होती, मीही मोजत होते. विसावं नाव पुण्यात नोकरीला असलेल्याचं, तेविसावं पाळण्यातल्याचं. मग आबा थांबले. नाव घेतलं नाही. ओठ मिटलेले, मूठ भरली आणि परातीत सोडली. चोवीस! माझ्या अंगावर काटा आला. अख्खा निबंध डोळ्यांसमोर घडला होता.

आणि मी, मूर्ख बाई, न राहवून दारातूनच म्हणाले, "आबा, ही दौलतची ना?"

आबांचा हात परातीवरच राहिला.

"कोन दौलत?"

चेतनाने निबंध पुढे केला. "आबा, भाटाच्या वहीतला. ज्याच्यापुढे खूण नाही तो. मी तुम्हाला मागे विचारलं होतं, तर तुम्ही म्हणाले होते, मोठी व्हय, मंग सांगसू. म्हणून मग मी वहीवरून शोधलं."

"आनि हाई तू धुयाले वाचशी? लोकेस्ना समोर?"

"हो. उद्या."

आबांनी हाताला चिकटलेले गहू परातीत झटकले. मग म्हणाले, "मानूस नही, बाई व्हती ती. मना बापनी फुई. झेला फुई." फुई म्हणजे आत्या; ही आबांच्या वडिलांची आत्या.

कोपऱ्यातून एका भाऊबंदाने विचारलं, "आबा, बाईनी मूठ? रोटमा?"

"तिनी मूठ नसती ना, ते तू बी नसता," आबा म्हणाले.

मग त्यांनी सांगितलं, अडखळत, मधेच टोपी काढून पुन्हा घालत. त्यांच्या बापाच्या लहानपणी मानमोडीची, म्हणजे इन्फ्लुएंझाची, साथ आली. घरातले सगळे पुरुष आठवडाभरात गेले. (वहीतल्या दौलतपुढची खूण भाटाकडून राहूनच गेली असणार.) राहिला फक्त सव्वा वर्षाचा मुलगा, आबांचे वडील. सासरहून झेला धावत आली आणि परत गेलीच नाही. त्या श्रावणात कानबाई आली तेव्हा रोट करायला पुरुष कोण? एक तान्हं पोर. एका मुठीचा रोट होतो का कुठे? गावाने सांगितलं, यंदा राहू दे. झेलाने पोराची मूठ टाकली आणि दुसरी स्वतःची टाकली. त्या दोन मुठींचा रोट झाला. तेव्हापासून तिची मूठ कधी चुकली नाही. नाव मात्र घ्यायचं नाही, असं आबांच्या वडिलांनी सांगून ठेवलं होतं, कारण बाईची मूठ म्हणून भाऊबंद हसतील आणि बंद पाडतील.

"मी तिना मांडीवर खेळेल शे," आबा म्हणाले. "तिनी जागावर दुसरं नाव वाचशी, ते माले चालाव नही." आणि डोळे पुसायला त्यांनी उपरणं शोधलं. सापडेना, तेव्हा हातानेच पुसले.

माझाही पदर ओला झाला. पण त्याच क्षणी नियम आठवला. मूळ गोष्ट चुकीची. निबंध बाद. नियम कोणी लिहिला? मी!

सुनंदा माझ्याकडे बघत होती. मी पडताळणीचा कागद काढला आणि चेतनाला जवळ बोलावून खरं ते सांगितलं. तिचा चेहरा पडला. खालचा ओठ दातांत धरला.

"म्हणजे उद्या मी वाचायचं नाही?"

"नाही गं बाळा."

"सगळा पाठ झालाय, बाई."

लाल पेनाने "बाद" लिहिलं. अडतीस वर्षांत दोन अक्षरांचे एवढे कष्ट मला कधी पडले नव्हते.

चेतनाने वेणीच्या टोकाने डोळे टिपले आणि हात पुढे केला. "मग माझी पानं परत द्या. मला पुन्हा लिहायचंय."

"स्पर्धा संपली चेतना."

"स्पर्धेसाठी नाही. चुकीचं माझ्या अक्षरात राहायला नको." मग ती वळली, आणि बघता बघता तिचा आवाजच बदलला. "आबा! फुई दिसायची कशी? उंच होती? तिच्या सासरचे न्यायला आले नाहीत? शेत कोण कसायचं?" आणि साठ वर्षं गप्प बसलेले आबा जे सुरू झाले ते थांबेचनात. आम्ही निघालो तेव्हा आजोबा-नात परातीच्या दोन बाजूंना बसले होते आणि दोघंही एकाच वेळी बोलत होते.

गाडीत मी धुमसत होते. "सौम्य कर म्हणून तू तेव्हा भांडली का नाहीस?" मी सुनंदावर खेकसले.

"तुझ्याशी? भांडून? कधी जिंकलेय मी?" ती म्हणाली. थोड्या वेळाने सहज विचारल्यासारखं म्हणाली, "उद्या तुझं परीक्षकांचं मनोगत पंधरा मिनिटं आहे ना?"

मी तिच्याकडे बघितलं. ती रस्त्याकडे बघत होती, पण गालात हसत होती. तिथूनच मी चेतनाच्या घरी फोन लावला.

धुळे, शनिवार

धुळं मला पाहताक्षणी आवडलं. जुन्या भागातल्या गल्ल्यांना चक्क नंबर! आमच्याकडे पत्ता सांगायचा तर "फणसाच्या खालच्या अंगाला" असं सांगावं लागतं. सभागृह मुलांनी, पालकांनी आणि शाळांच्या बसमधून आलेल्या बाईंनी गच्च भरलं होतं. चार निबंध झाले. एरंडोलच्या कागदवाल्याने जुना कागद वर धरून दाखवला तेव्हा टाळ्या पडल्या. पहिला नंबर त्याचाच, आणि रास्त होता.

मग माझं मनोगत. घरून चार पानं लिहून आणली होती, त्यात मार्गदर्शन ठासून भरलेलं. मी माइकपाशी जाऊन म्हटलं, "एक निबंध मी बाद केला. नियम माझाच होता आणि नियम म्हणजे नियम. पण ही पंधरा मिनिटं माझी आहेत आणि ती मी चेतनाला देते."

चेतना आली. माइक तिच्या उंचीला खाली घेतला तो जरा जास्तच खाली गेला, मग वर. पहिल्या रांगेत आबा, काठी दोन्ही हातांनी धरलेली. तिने पानं उघडली.

"मी चुकले," तिने पहिलंच वाक्य वाचलं. मग तिने सगळं वाचलं. तेवीस नावं, चोवीस मुठी, भाटाची वही, दौलत, आणि झेला फुई. आबांची वाक्यं तिने त्यांच्याच बोलीत वाचली, तेव्हा मागच्या रांगांत माणसं पुढे वाकून ऐकायला लागली. आणि मग हे वाचलं, "भाटाच्या वहीत एकही बाई नाही. म्हणून मीसुद्धा बाई शोधलीच नाही. मी स्वतः मुलगी असून शोधली नाही."

मला खरंच बसल्या जागी घाम फुटला. ब्याण्णव देताना मीही शोधली नव्हती की!

टाळ्या पडायच्या आत मागून एक म्हातारी उठून उभी राहिली. "पोर, तिनं नाव पुन्हा सांग व."

चेतनाने माइक दोन्ही हातांनी धरला. "झेलाबाई!" म्हणाली. इतक्या मोठ्याने की माइक शिट्टी वाजवून गप्प झाला. मग ज्या टाळ्या पडल्या! सुनंदा बाकावर उभी राहायची तेवढी बाकी होती. मी उभी राहिले होते, हे मला नंतर कळलं.

निघताना आबा जवळ आले. "बाई, तुम्ही बाद करं, बेस करं," म्हणाले. म्हणजे, बाद केलंत ते बरं केलंत. मी वाकून नमस्कार केला.

देवरुख, मंगळवार

घरी आल्यावर पहिलं काम केलं ते नियम बदलण्याचं. सुनंदाला फोनवर सांगितलं, लिही, मूळ गोष्ट चुकीची ठरली तर मुलाला दुरुस्त करून वाचायची संधी मिळेल. ती म्हणाली, "लिहून ठेवलाय मी कधीच. तुझ्याच तोंडून यायची वाट बघत होते." मेली सगळं आधीच ठरवून बसलेली असते.

संध्याकाळी चेतनाचा फोन आला. कानबाई थाटात बसली, काल विसर्जन झालं, रोट उत्तम झाला. मला पाठवता येत नाही, भाऊबंदांबाहेर देत नाहीत, तर मी राग मानू नये. मी म्हटलं, अगं कसला राग.

"आणि बाई, एक सांगायचं राहिलं. दिवाळीनंतर आमचा भाट येतो ना, आबांनी आत्ताच बजावून ठेवलंय. वहीत फुईचं नाव चढल्याशिवाय त्याला चहा नाही."

"आणि तो म्हणाला, आम्ही बायकांची नावं लिहीत नाही, तर?"

फोनवर खुसखुस ऐकू आली. मग तिने आबांचा जाड आवाज काढला.

"आबा म्हणतात, त्याले जमत नशीन ते वही चेतनाजोडे दे. ती लिखी."